कोपरा फाटलेलं पत्र

विद्यापीठात इटालियन शिकायला मी गेले ती फ्रेंचचा वर्ग भरला होता म्हणून. जर्मनचा वर्ग संध्याकाळी असायचा, आणि दिवस मावळल्यावर नागपूरहून भंडाऱ्याला मुलीने एकटीने एस.टी.तून येणं आमच्या घरात कोणाच्या कल्पनेतही बसणारं नव्हतं. उरलं इटालियन, दर रविवारी दहा ते दोन. आमचं भंडाऱ्यात पितळी भांड्यांचं दुकान. वडिलांनी गल्ल्यावरून मान वर न करता विचारलं, या भाषेत काय विकता येतं? मी म्हटलं, काही नाही. त्यांनी एक मोठा उसासा सोडला आणि परवानगी दिली. मला वाटतं, माझ्या लग्नाचं जमेपर्यंत मी कुठेतरी गुंतलेली बरी, असा त्यांचा हिशेब असावा.

आईची चौकशी जास्त बारीक होती. वर्गात आपल्या इकडचं कोणी आहे का? विद्यापीठाच्या फलकावर लागलेल्या यादीत एक नाव मी वाचलं होतं : डोमाजी सीताराम कापगते, मु. करडी. करडी म्हणजे आमच्याच जिल्ह्यातलं, मोहाडी तालुक्यातलं गाव. कोणीतरी शिकलेला उनाड पोरगा असणार आणि त्याच्यापायी माझं जाणं रद्द होणार, या भीतीने मी ते नाव पोटातच ठेवलं.

पहिल्या रविवारी भंडाऱ्याच्या स्टँडवर वडील मला बसवून द्यायला आले, तेव्हा खिडकीशी एक पंचावन्नच्या घरातले गृहस्थ ताठ बसलेले होते. पांढरं धोतर, पांढरा सदरा, मिशा कातरलेल्या, आणि धोतराखाली काळे बूट. बूट असे चकचकीत, की आमच्या दुकानातल्या घंगाळालाही तेवढी चमक नसेल. मांडीवर छत्री आणि छत्रीवर एक वही. वहीवर जाड अक्षरात ‘इटालियन’ असं लिहिलेलं. वडिलांनी ते वाचलं, त्यांना नाव-गाव विचारलं, आणि दोन मिनिटांत मला त्यांच्या ताब्यात देऊन टाकलं. डोमाजींनी ती जबाबदारी पलटणीत हुकूम घ्यावा तशी घेतली. उठून मला खिडकी दिली. पुढची दोन वर्षं मी खिडकीशी आणि ते कडेला, हा क्रम कधी मोडला नाही. एकदा बसमध्ये एकच जागा होती, तर ते नागपूरपर्यंत माझ्या बाजूला उभे राहिले आणि उभ्याउभ्या क्रियापदं पाठ करत होते.

आमच्या बाई डिसोझा. मूळच्या गोव्याच्या, रोममध्ये काही वर्षं राहून शिकलेल्या, आवाज मऊ आणि शिस्त कडक. पहिल्या दिवशी त्यांनी गमतीने प्रत्येकाला विचारलं, इटालियनमधला एखादा तरी शब्द येतो का? कोणी एका गाडीचं नाव सांगितलं, कोणी एका नटीचं. डोमाजींची पाळी आली. ते सावधान उभे राहिले आणि एका दमात पाच-सहा वाक्यं बोलून खाली बसले. बाईंचा खडू हातातच राहिला. त्यांनी विचारलं, हे तुम्हाला कोणी शिकवलं? डोमाजी म्हणाले, “धानवाल्यायनं.”

त्याचा उलगडा बाईंना व्हायला वेळ लागला, मला त्याच दिवशी परतीच्या बसमध्ये झाला. डोमाजी दुसऱ्या महायुद्धाच्या लढाईत होते. आफ्रिकेच्या वाळवंटात पकडले गेले आणि कैदी म्हणून इटलीत नेले गेले. तिथे एक दिवस सरकार पालटलं, छावणीचे पहारेकरी पळाले, आणि हे हजारो माणसांसारखे दिसेल त्या वाटेने चालू लागले. चालता चालता उत्तरेकडे भातशेती दिसली, थेट आमच्यासारख्या धानाच्या बांध्या. परमुलखात, जिथे झाड-पाखरूही ओळखीचं नाही, तिथे कापणीला आलेलं धान. ते म्हणत, मला वाटलं मी मेलो आणि देवाने परत करडीलाच टाकलं. तिथल्या एका घराने त्यांना आत घेतलं. त्या घरात त्यांनी एक कापणी पाहिली, एक हिवाळा काढला आणि पुढच्या लावणीचा रोवणा लागेपर्यंत राहिले. त्यांचं इटालियन हे असं चिखलात शिकलेलं होतं. बाई म्हणाल्या, ही पुस्तकातली भाषा नव्हे, ही त्या भागातली गावाकडची बोली आहे, ती आधी विसरावी लागेल. वर्ग हसला. डोमाजींनी शांतपणे सांगितलं, की तिथली लहान लीनाही असंच म्हणायची, शाळेत वेगळंच शिकवतात म्हणून.

नागपूरची पोरं त्यांच्या इटालियनला हसत आणि मराठीलाही हसत. ते शब्दाचा अर्थ सांगत तो आमच्या झाडीबोलीत. बाईंनी विचारावं, याचा अर्थ काय, आणि यांनी म्हणावं, “तनस.” मग मी सांगायचं, बाई, म्हणजे भाताचा पेंढा. वर्गात आम्ही बाराजण होतो, दिवाळीनंतर सात उरलो. हसणारे सगळे त्या पाचांत गेले. डोमाजी मात्र उन्हात, पावसात, अगदी रोवण्याच्या दिवसांतही रविवार चुकले नाहीत. बुटाला चिखल लागला तर स्टँडवरच्या नळावर धुऊन, खिशातल्या फडक्याने पुसून मगच बसमध्ये चढत.

मी एकदा सरळच विचारलं, या वयात हे काहून? त्यांनी वहीच्या पुठ्ठ्यातून एक पाकीट काढलं. जुनं, पिवळट पडलेलं, परदेशी. त्याचा उजवा वरचा कोपरा फाटलेला होता.

आमच्याकडच्या माणसाला यापुढे काही सांगावं लागत नाही, पण सांगते. मरणाची बातमी कळवायची तर पत्राचा कोपरा फाडून पाठवायचा, ही आमची रीत. लग्नाच्या पत्राला हळद-कुंकू, मरणाच्या पत्राला फाटका कोपरा. असं पत्र घरात न्यायचं नाही, बाहेरच उभ्याने वाचायचं, आणि आंघोळ करून मगच उंबरठा ओलांडायचा. लढाई संपून चार-पाच वर्षं झाली होती तेव्हा करडीच्या पोस्टमनने हे पाकीट आणून दिलं, तेही दोन बोटांच्या चिमटीत. डोमाजींच्या आईने कोपरा पाहिला आणि काही न विचारता रहाटावरून पाणी ओढून त्यांच्या अंगावर घातलं. सुतकाची आंघोळ आधी झाली. मेलं कोण, ते मात्र कळलंच नाही. पलटणीत त्यांना रोमन लिपी शिकवली होती, पण ती छापील. पत्रातलं अक्षर वळणाचं, आणि भाषा अशी, की त्यांना कानाने यायची, डोळ्याने नाही. त्यांनी एकदाच कागद उलगडला, दोन ओळींवरून नजर फिरवली आणि मिटून ठेवला.

कोपरा पाहताच मला जे वाटलं ते मी बोलून दाखवलं. तिकीट लावतात ते त्याच कोपऱ्यावर. वाटेत कोणातरी हौशी माणसाने परदेशी तिकीट कोपऱ्यासकट उचकटलं असेल. डोमाजी म्हणाले, हे त्यांच्याही मनात येऊन गेलं होतं. “असंल बी, अना नसंल बी. कोपरा कसाई फाटो, आत काय लिवलं हाये थे मले माहीत नाई.”

आणि त्यांना भीती वाटायला कारण होतं. त्या घरात माणसं चार. तेरेझाबाई, तिचा नवरा पिएत्रो, म्हातारा सासरा आणि नऊ वर्षांची लीना. पळालेल्या कैद्याला घरात ठेवलेलं सापडलं तर गोळी, असा, तो मुलूख ताब्यात घेतलेल्या जर्मनांचा जाहीर हुकूम होता. रोवण्याच्या दिवसांत एका सकाळी घरची सगळी बांधीत असताना रस्त्यावर शिपायांची गाडी दिसली. डोमाजी गोठ्यात होते. ते तसेच मागच्या पाटात उतरले आणि लव्हाळ्याच्या आडोशाने निघून गेले. निरोप नाही, काही नाही. दोन कोस गेल्यावर त्यांना आठवलं, की आपलं पलटणीचं कांबळं गोठ्याच्या माळ्यावर तनसात राहिलं. कांबळ्यावर त्यांचा नंबर शिवलेला होता. परत फिरावं तर गाडी वाड्यात पोचलेली असणार. ते पुढे चालत राहिले.

“म्या कंबल तिथं टाकून आलो, अना मंग कोपरा फाटलेलं पत्र आलं,” एवढंच ते म्हणाले. बस मौद्याजवळ आली होती. त्यांनी पाकीट पुन्हा वहीच्या पुठ्ठ्यात सरकवलं.

दर वर्षी सर्वपित्री अमावास्येला डोमाजी घरच्या पितरांचं पान ठेवून झालं की सांदवाडीत, म्हणजे घरामागच्या परसात, आणखी चार पानं मांडत. पळसाच्या पानांची पत्रावळ, त्यावर भात, वरण, वडा. चौघांत कोण गेलं ते माहीत नव्हतं, म्हणून चौघांनाही. ही गोष्ट मला त्यांच्या बायकोने सांगितली. भागरताबाई उंच, काळ्यासावळ्या, फार कमी बोलणाऱ्या आणि बोलल्या तर दुसऱ्याला बोलायला जागा न ठेवणाऱ्या. त्यांनीच शेवटी नवऱ्याला सांगून टाकलं होतं, की हे पत्र वाचा नाहीतर जाळा, याच्या धाकाखाली माझा अर्धा संसार झाला. नागपूरच्या कोण्या पाद्र्याकडे जाऊन वाचून घ्या असंही सुचवून झालं होतं. डोमाजी एकदा चर्चच्या फाटकापर्यंत गेले आणि परत आले. दुसऱ्याच्या तोंडून ऐकायचं नाही, यावर ते अडून बसले. ज्यांच्या ताटातलं आपण खाल्लं, त्यांच्यातलं कोण आपल्यामुळे गेलं हे आपणच वाचलं पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. मग भंडाऱ्याच्या एका न्हाव्याच्या दुकानात पेपरमध्ये त्यांनी इटालियनच्या वर्गाची जाहिरात वाचली. वर्गाला मॅट्रिकची अट होती आणि हे सातवी पास. पन्नाशीत त्यांनी बाहेरून मॅट्रिकचा फॉर्म भरला. तिसऱ्या खेपेला पास झाले. त्याच वर्षी त्यांची मुलगी पहिल्या खेपेला पास झाली, आणि गावात पेढे तिच्या नावाने वाटले गेले. हे सांगताना भागरताबाई हसल्या, ते मी पहिल्यांदा पाहिलं.

बाईंना पत्राचं काही ठाऊक नव्हतं. डोमाजींनी मला शपथ घातली होती. बाईंचा मात्र त्यांच्यावर कधी राग, कधी लोभ. संस्कृतीच्या तासाला त्या पडद्यावर चित्रं दाखवत : घुमटाची चर्चं, कारंजी, संगमरवरी पुतळे. आम्ही लिहून घेत असू. डोमाजी पुतळ्यांकडे सभ्यपणे पाहत आणि तास संपला की विचारत, बाई, यात गोठा कुठं आहे? दोन-तीनदा असं झाल्यावर बाई चिडल्या. पण पुढच्या रविवारी त्यांनी कुठून तरी एक चित्र शोधून आणलं. पाण्याने भरलेल्या बांध्या आणि त्यात रुंद टोप्या घालून ओणव्या झालेल्या बायकांची रांग. डोमाजी उठून पडद्याजवळ गेले. यंत्राचा उजेड त्यांच्या सदऱ्यावर पडला आणि अर्ध्या बायका त्यांच्या पाठीवर उमटल्या. ते बराच वेळ पाहत राहिले. आम्हाला वाटलं, आता यांना भरून आलं. ते वळून म्हणाले, “बाई, कडेच्या बांधीत धान कमी अना तण जास्त हाये. निंदाले उशीर झाला यायले.”

वर्षाच्या शेवटी तोंडी परीक्षा. बाहेरगावाहून एक जाडजूड परीक्षक आले होते, प्रश्न इटालियनमध्ये आणि उत्तर इटालियनमध्ये. माझी बोबडी वळली. मी कारंज्याबद्दल तीन वाक्यं बोलले आणि दोन चुकीची. डोमाजींना त्यांनी विचारलं, इटालियन संस्कृतीत तुम्हाला सगळ्यांत मोठं काय वाटतं? मी दाराशीच उभी होते. डोमाजींनी बाईंनी शिकवलेलं सगळं बाजूला ठेवलं आणि आपल्या चिखलातल्या बोलीत सांगितलं, की दार वाजलं तर ते लोक आधी दार उघडतात आणि मग कोण म्हणून विचारतात. आमच्याकडे आधी विचारतात. परीक्षकांनी चष्मा काढला, पुसला आणि पुढचा प्रश्न विचारलाच नाही. बाई मान खाली घालून काहीतरी लिहीत होत्या, पण त्यांच्या कागदावर अक्षर उमटत नव्हतं.

निकाल लागला त्या आठवड्यात करडीहून निरोप आला, की बुधवारी सकाळी यावं, शब्दकोश घेऊन. मी शब्दकोश घेतला आणि घरी सांगितलं, की कापगतेकाकांकडे जेवायला बोलावलंय. ते खोटंही नव्हतं.

सांदवाडीत चिंचेखाली बाज टाकली होती. कोपरा फाटलेलं पत्र, म्हणून वाचायचं ते घराबाहेर. चुलवणावर पाण्याचं घंगाळ तापत होतं, बाजूला कोरडं धोतर घडी करून ठेवलेलं. भागरताबाई आंघोळीची तयारी करून उंबऱ्यावर बसल्या होत्या. माझ्याशी करार असा, की विचारलेल्या शब्दाचा अर्थ सांगायचा, त्यापलीकडे तोंड उघडायचं नाही. डोमाजी बूट घालून बसले होते. स्वतःच्या परसात बूट घातलेलं मी त्यांना त्याच दिवशी पाहिलं.

पत्राचे दोन कागद होते, दोन्हींचा कोपरा गेलेला. वाऱ्याने उडू नये म्हणून दुसरा कागद त्यांनी माझ्या बाजूला ठेवला आणि त्यावर खडा ठेवला. आणि मी, न पाहण्याचा करार नव्हता म्हणून, पाहिलं. कागदाच्या तळाशी सह्या होत्या. एक शाळकरी गोल अक्षरातली, एक जाड आणि कष्टाने गिरवलेली, एक थरथरती, आणि एक नुसती फुली, जिच्यापुढे त्या शाळकरी हाताने लिहिलं होतं : तेरेझा. मी दोनदा मोजल्या. चार. मी शब्दकोश घट्ट धरून ठेवला. मला ओरडून सांगावंसं वाटत होतं आणि मी कराराला बांधलेली होते.

डोमाजी पहिल्या ओळीवर होते. बोट ठेवून, एकेक शब्द आधी इटालियनमध्ये आणि मग आपल्या भाषेत. इथं आम्ही सगळे... आणि त्यापुढे कागद संपला. नेमका तोच शब्द फाटलेल्या कोपऱ्यात गेला होता.

“सगळे काय?” उंबऱ्यावरून भागरताबाईंनी विचारलं.

“फाटलं हाये.”

“मंग फुडं वाचा. काहून थांबले?”

ते पुढे वाचायला लागले. सासऱ्याबद्दल होतं. म्हातारा अजून सगळ्यांना शिव्या देतो आणि डोमाजीची आठवण काढतो, कारण त्याच्या शिव्या न रागावता ऐकणारा तोच एक होता. डोमाजींनी अंगठा मुडपला. पिएत्रोचा गुडघा धरतो, त्याने या साली रोवण्याला माणसं लावली. एक बोट मुडपलं. मग एक लांब वाक्य आलं, त्यात मला चार शब्द विचारले गेले. खत. पुरणं. शिलाई. वास. मी एकेक सांगत गेले आणि ते त्यांची जुळणी करत गेले. त्यांचे ओठ हलत होते, कपाळावर घाम होता. एकदम ते थांबले.

“भागरता,” ते म्हणाले, “कंबल सापडलाच नाई त्यायले. तेरेझाबाईनं आदल्या दिवशीच खाली आनून शेनखतात पुरला होता. म्या तनसात ठेवला समजून चाललो, अना थो तिथं नव्हताच.”

शिपायांनी गोठा उलथापालथा केला, माळ्यावरचं तनस खाली ओढलं आणि दोन कोंबड्या घेऊन निघून गेले. लढाई संपल्यावर तेरेझाबाईने कांबळं उकरून काढलं, धुतलं आणि लीनाला त्याचा कोट शिवला. दोन हिवाळे त्याचा वास गेला नाही. शाळेत लीनाच्या बाकावर कोणी बसत नसे, आणि हे पत्र लिहिणारी लीना त्याबद्दल अजून आईवर रुसलेली होती. डोमाजींनी तेरेझाबाईचं आणि लीनाचं, अशी आणखी दोन बोटं मुडपली आणि त्या मुठीकडे पाहत राहिले. मग ते हसायला लागले. इतकं हसले, की त्यांना ठसका लागला, आणि ठसक्यातून ते रडायला लागले, उघड्यावर, माझ्यासमोर, मोठ्याने. मीही रडले. मला आयुष्यात पुढे बऱ्याच सुटका मिळाल्या, परीक्षांतून, आजारांतून, माणसांतून. पण दुसऱ्याच्या छातीवरचं ओझं उतरताना पाहून इतकं हलकं मला पुन्हा कधी वाटलं नाही.

शेवटचा मजकूर त्यांनी मला वाचायला दिला, त्यांना अक्षरं दिसेनात म्हणून. तू पोचलास की नाही ते कळव, असं लीनाने लिहिलं होतं. तू पत्र लिहीत नाहीस म्हणून आई दुःखी आहे. ती म्हणते, डोमा एकतर घरी पोचला नाही, नाहीतर आपल्यावर रागावला, कारण तो गेला तेव्हा आपण सगळे बांधीत होतो आणि त्याला वाटेसाठी भाकरी द्यायला घरात कोणी नव्हतं.

“म्या रागावलो?” डोमाजी म्हणाले.

भागरताबाई व्यवहारी बाई. त्या म्हणाल्या, ही खुशाली जुनी आहे, तेव्हापासून अठ्ठावीस उन्हाळे गेले. डोमाजी म्हणाले, माझं कांबळंही तेव्हाचंच होतं, त्याच्यापायी कोणी गेलं नाही. मग त्यांना दुसराच घोर लागला. जिवंत माणसांसाठी आपण इतकी वर्षं पितरांची पानं मांडली, हा केवढा अपराध. ते खरोखर कासावीस झाले. भागरताबाई उठल्या, घंगाळात बोट घालून पाणी पाहिलं आणि म्हणाल्या, “कावळ्यायनं खाल्लं ना? मंग वाया कुठं गेलं? उठा आता. पानी तापलंच हाये त आंघोळ करून घ्या.”

त्यांनी केली. ती आंघोळ कसली धरायची ते मला अजून ठरवता येत नाही. आत आम्ही जेवायला बसलो तेव्हा त्यांनी तांदळाचा एक दाणा ताटाबाहेर सांडू दिला नाही.

उत्तर लिहायला त्यांनी दीड महिना घेतला. मी चुका दाखवल्या, त्यातल्या निम्म्या त्यांनी तशाच ठेवल्या. पुस्तकातलं लिहिलं तर तेरेझाबाईला वाटेल दुसऱ्याकडून लिहून घेतलं, हे त्यांचं उत्तर. भंडाऱ्याच्या मोठ्या पोस्टात आम्ही पाकीट द्यायला गेलो तेव्हा त्यांनी खिशातून पुडी काढली आणि पाकिटाच्या चारी कोपऱ्यांना हळद-कुंकू लावलं. खिडकीतले बाबू म्हणाले, परदेशात हे कोणाला कळतं, काका? डोमाजींनी सांगितलं, की आत सगळं समजावून लिहिलं आहे. कोपऱ्याला हळद-कुंकू असलं तर काय समजायचं आणि कोपरा फाटला असला तर काय समजायचं, दोन्ही. बाबूंनी बोटाला लागलेलं कुंकू पुसलं आणि शिक्का मारला.

लीनाचं उत्तर पावसाळ्यात आलं. म्हातारा गेला होता, झोपेतच, बरीच वर्षं झाली होती. पिएत्रोही गेला होता. तेरेझाबाई होती, आणि लीनाला आता दोन मुलं होती. आई पत्राचे कोपरे हुंगते आणि कोणाला हात लावू देत नाही, असं तिने लिहिलं होतं. त्या वर्षी डोमाजींनी दोन पानं मांडली, नावं घेऊन. इटालियनच्या दुसऱ्या वर्षाला मी गेले, तेही आले, कारण वडिलांनी मला एकटीला पाठवलं नसतं. पण आता ते अभ्यास करत नसत. बसमध्ये डोळे मिटून बसत. नापास झाले तर पेढे वाटीन म्हणाले आणि नेमके पास झाले.

माझं लग्न झालं, मी अकोल्याला गेले. इटालियनचा मला पुढे काडीचा उपयोग झाला नाही, आणि त्याची खंतही वाटली नाही. डोमाजींची पत्रं येत. त्यांच्या कोपऱ्यांना कायम हळद-कुंकू, साधी पोच कळवायची असली तरी.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते एकोणीसशे पंच्याऐंशीच्या आसपास. पितृपक्षात माहेरी आले होते, तेव्हा अमावास्येला करडीची एस.टी. धरली. डोमाजी वाकले होते. अंगणात ओले उभे होते, नुकतीच आंघोळ झालेली. ओट्यावर लीनाचं पत्र होतं, त्यांनी मला ते दाखवलं. पाकिटाचा कोपरा कात्रीने कापलेला होता, सरळ, नीट, दोन बोटांएवढा. तिकीट डाव्या बाजूला, धक्का न लागता शाबूत. डोमाजींनी इतक्या वर्षांपूर्वी पत्रात समजावलेली रीत लीनाला आठवत होती.

“उमरठ्याबाहेर वाचलं,” ते म्हणाले. “तेरेझाबाई गेली. घरीच गेली, अंथरुनात. लीना जवळ होती.” त्यांच्या आवाजात दुःख होतं, पण धास्ती नव्हती. इतक्या वर्षांत मी त्यांना त्या घराबद्दल असं बोलताना पहिल्यांदा ऐकलं.

मग ते सांदवाडीत गेले. भागरताबाईंनी आतून ताट दिलं. त्यांनी एकेक पान मांडलं, त्यावर भात, वरण, वडा, आणि तिन्ही नावं मोठ्याने घेतली. चौथ्या जागेवर त्यांनी पान ठेवलं नाही. ती जागा हाताने झाडून साफ केली आणि तशीच मोकळी ठेवली. एक कोंबडी तिकडे चालली होती, तिला त्यांनी छत्रीने हाकललं.

“थे लीनाची,” त्यांनी मला सांगितलं. “जिती हाये.”